चमनकाकांच्या पेशी

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, मेंदूच्या ऑपरेशनच्या वॉर्डाला लागून, चादरींच्या कोठीशेजारी एक चिंचोळी खोली होती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरून उभं राहावं लागे, एवढीच. वरखाली होणारी खुर्ची, भिंतीतलं बेसिन, गरम पाण्याचा नळ आणि एक मोठी खिडकी. या खोलीत एका माणसाने सव्वीस वर्षं लोकांची डोकी भादरली. ज्याची कवटी उघडायची त्याचे केस आधी काढावे लागतात, आणि ते काढणं हे या माणसाचं काम. आलेल्या प्रत्येकाला चमन करून सोडतो म्हणून सिस्टर मंडळींनी त्याचं नाव चमनकाका ठेवलं, आणि पुढे ते डॉक्टरांच्याही तोंडी बसलं. काकांच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र साठीतही दाट केस होते. त्यावरून कुणी टोमणा मारला नाही असा दिवस जात नसे.

केस काय, कुणीही काढेल, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण डोक्याची कातडी हनुवटीसारखी नसते. माथ्यावर ती ताणलेली, मागे सैल, मध्येच खळगे, आणि कानामागे हाड एकदम वर येतं. एवढासा काप गेला तरी त्यातून जंतू आत जायची भीती, मग ठरलेलं ऑपरेशन लांबणीवर. काका आधी मशीन फिरवत, मग गरम पाण्याचा टॉवेल ठेवत, मग साबण, आणि शेवटी वस्तरा, घाई न करता, कपाळापासून मानेपर्यंत. खोलीत आरसा नव्हता. होता तो त्यांनीच काढायला लावला होता. लांब वेणीची बाई आली की ते आधी वेणी कापत, दोन्ही टोकं दोऱ्याने बांधत आणि स्वच्छ कापडात गुंडाळून तिच्या माणसांच्या हातात देत. जमिनीवर पडू देत नसत. आजाराबद्दल ते कधी विचारत नसत. विचारत ते कामाबद्दल. तुम्ही काय करता, किती वर्षं करता, वरचा साहेब कसा आहे. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की त्याची मान सैल पडते आणि वस्तरा नीट चालतो, हा त्यांचा अनुभव होता.

साठी जवळ आली तेव्हा उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. सुरुवातीला फक्त हात रिकामा असतानाच. वस्तरा धरला की थांबायचा. काका म्हणायचे, हात कामसू आहे, त्याला बसून राहायचा कंटाळा येतो. हा विनोद त्यांनी घरीही करून पाहिला. काकू हसल्या नाहीत. वर्षभरात वस्तरा धरल्यावरही अंगठा थांबेना, तेव्हा काकांनी युक्ती काढली. मनगट समोरच्याच्या कवटीवर टेकवायचं आणि फक्त बोटं हलवायची. ही युक्ती आठ महिने चालली. मग एक दिवस एका शिक्षिकेच्या कानामागे काप गेला. केसाएवढी लाल रेघ. ऑपरेशन चार दिवस पुढे गेलं. काका माफी मागायला तिच्या खाटेशी गेले तर तीच म्हणाली, असू द्या हो, चार दिवस जास्तीचे मिळाले मला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या समजूत घालण्याने काका पार खचले.

वॉर्डाच्या प्रमुखांना सगळे मोठे डॉक्टर म्हणत. त्यांनी काकांचा हात पाहिलाच नाही. त्यांना बोळातून चालत जायला सांगितलं आणि परत बोलावलं. चालताना डावा हात झुलत होता, उजवा नुसता लटकत होता. कंपवात, डॉक्टर म्हणाले. मेंदूच्या एका कोपऱ्यातल्या पेशी एक रस तयार करतात, त्या रसावर हातापायांची हालचाल चालते. त्या पेशी मरत चालल्यात. गोळ्यांनी काही वर्षं निभेल. मेलेल्या पेशी परत येत नाहीत.

काकांची बदली शेजारच्या चादरींच्या कोठीत झाली. धुऊन आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या नीट करायच्या, देताना सही घ्यायची. भिंतीपलीकडून मशीनचा आवाज यायचा. त्यांच्या जागी नवा माणूस घेतलाच नाही. वॉर्डबॉयचं काम करणारे एक मामा बॅटरीवरचं मशीन घेऊन तीन मिनिटांत डोकं उरकायचे. साबण नाही, टॉवेल नाही. काका आवाजावरून ओळखायचे की मशीन कानामागे नीट गेलेलं नाही. ते चादरी मोजत राहायचे, आणि मोजणी चुकायची.

दोन वर्षं अशी गेली. गोळी घेतली की चार तास बरे, मग पाय जमिनीला चिकटल्यासारखे. शर्टाची बटणं काकू लावायच्या. जेवताना कुणी आलं तर काका ताट बाजूला सारायचे, भूक नाही म्हणायचे.

मग पेशींच्या बाई आल्या. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक संशोधन संस्था होती, तिथे त्या डॉक्टर होत्या. वय चाळिशीच्या आत, उंच, आणि बोलताना चष्मा काढून हातात धरायची सवय. मोठ्या डॉक्टरांनी काकांचं नाव सुचवलं होतं. कोठीतल्या घड्या केलेल्या चादरींच्या गठ्ठ्यावर बसूनच त्यांनी सगळं समजावून सांगितलं. मोठ्या माणसाच्या मेंदूत नवीन काही तयार होत नाही असं लोक धरून चालतात. पण मेंदूच्या आत पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, आणि त्यांच्या भिंतींवर थोड्या पेशी अजून कोवळ्या राहिलेल्या असतात. आपण पुढे काय व्हायचं हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. त्यांना मूळपेशी म्हणतात.

"साठ वर्षांत काय व्हायचं ते ठरलं नाही," काका म्हणाले, "म्हणजे आमच्या मेहुण्यासारख्या."

बाई मनापासून हसल्या. काकांना त्या तिथेच आवडल्या.

बेत असा होता. एका बारीक सुईने काकांच्याच मेंदूतला वाटाण्याहून लहान तुकडा काढायचा. त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवायच्या. काही महिन्यांत त्या लाखांनी झाल्या की त्यांना रस बनवणाऱ्या पेशी व्हायला शिकवायचं, आणि परत काकांच्याच डोक्यात, योग्य त्या कोपऱ्यात सोडायचं. आपल्याच पेशी, त्यामुळे शरीर त्यांना परकं मानणार नाही. उंदरांमध्ये हे जमलं होतं. माणसांमध्ये आत्ता करून पाहायचं होतं, चोवीस जणांवर.

पण चोवीसही जणांना पेशी मिळणार नव्हत्या. तुकडा सगळ्यांचा काढणार, दुसरं ऑपरेशनही सगळ्यांचं होणार, पण त्या दिवशी बारा जणांच्या डोक्यात पेशी सोडायच्या आणि उरलेल्या बारा जणांना नुसतंच भूल देऊन, वरवर सगळं केल्यासारखं करून उठवायचं. कुणाला काय मिळालं हे वर्षभर कुणालाच कळणार नाही. पेशंटला नाही, बाईंना नाही. फक्त ऑपरेशन करणाऱ्याला ठाऊक. नाहीतर पेशींचा गुण कुठला आणि आशेचा कुठला, हे ओळखता येत नाही, बाई म्हणाल्या. आणि वर्ष संपलं की ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनाही त्यांच्या पेशी देऊ.

संमतीचा कागद एकतीस पानांचा होता. काकांची मुलगी एका कंपनीत करारपत्रं तपासायचं काम करत असे. तिने सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून हातात पेन्सिल घेऊन तो वाचला. एकोणिसाव्या पानावर तिने एक गोल काढला: काढलेला तुकडा आणि त्यातून वाढवलेल्या पेशी यांच्यावर संस्थेचा ताबा राहील. बाविसाव्या पानावर दुसरा: कार्यक्रम चालू राहिल्यास दुसऱ्या गटालाही पेशी देण्यात येतील.

"बाबा, हा 'राहिल्यास' मला आवडला नाही," ती म्हणाली.

काकांना राग आला. सव्वीस वर्षं या लोकांसाठी मी डोकी तयार करून दिली, ते म्हणाले, ते मला फसवतील का? मुलगी म्हणाली, फसवतील असं मी म्हटलंच नाही, मी फक्त लिहिलेलं वाचतेय. काकूंनी दोघांनाही गप्प केलं. काकांनी सही केली. सही करायला त्यांना दोन-तीन मिनिटं लागली, आणि शेवटची अक्षरं मुंगीएवढी झाली.

पहिल्या ऑपरेशनच्या सकाळी काका त्यांच्याच जुन्या खुर्चीत बसले आणि मामांनी त्यांच्या दाट केसांवर मशीन फिरवलं. काकांनी हात वर करून मागे झुपके राहिल्याचं सांगितलं. मामा म्हणाले, काका, झोपून जायचंय, लग्नाला नाही. टेबलावर आडवे झाल्यावर सर्जनसमोर काकांना भीती वाटण्याऐवजी लाज वाटली, की असलं गचाळ काम घेऊन आपण आलो.

पाचव्या महिन्यात बाईंनी त्यांना मागच्या इमारतीत बोलावलं. हे नियमात नव्हतं. पायात प्लास्टिकच्या पिशव्या, डोक्यावर टोपी, तोंडाला मास्क असा वेष करून काका एका थंड खोलीत गेले. बाईंनी एक चपटी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. आत गुलाबीसर पाणी होतं. काकांना डोळा नीट लावता येईना, तेव्हा बाईंनी मागून त्यांचं डोकं धरलं. मग दिसलं. वाटोळे, पारदर्शक पुंजके, तुती असावी तसे, हलके हलके तरंगणारे.

"हे तुम्ही," बाई म्हणाल्या.

 घरी आल्यावर काका काकूंना म्हणाले, लहान आहेत गं अजून. काकूंनी विचारलं, खातात काय? गुलाबी पाणी, दर दोन दिवसांनी बदलावं लागतं. सुट्टीच्या दिवशी कोण बदलतं? हे काकांनी विचारलंच नव्हतं. पुढच्या खेपेला काकूंनी आठवणीने विचारून यायला लावलं. बाई स्वतः येऊन बदलत होत्या. काकू म्हणाल्या, मग हरकत नाही.

दुसरं ऑपरेशन नवव्या महिन्यात झालं. जागे झाले तेव्हा काकांच्या कवटीवर दोन्ही बाजूंना चिकटपट्ट्या होत्या. आणि सहा आठवड्यांनी, एका सकाळी, काकूंचं लक्ष नसताना त्यांनी शर्टाची बटणं लावली. खालपासून वरपर्यंत, एकही न चुकता. काकू वळल्या आणि हातातलं भांडं तसंच धरून बघत राहिल्या.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात अंगठा जवळजवळ थांबला. पाय सुटले. काका स्वतःची दाढी करू लागले, मग खालच्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बसड्रायव्हरची. दर महिन्याला तपासणी असे. बोटं किती वेगाने जुळवता, खुर्चीतून किती सेकंदांत उठता, वीस पावलं किती वेळात चालता. आकडे दर वेळी सुधारत होते. काका कुठल्या गटात आहेत हे बाईंनाही माहीत नव्हतं, पण कागदावर आकडे लिहिताना त्यांचा चेहरा लपत नसे.

मेहुण्याचा प्रसंग तेव्हाचाच. काकूंच्या या धाकट्या भावाने आयुष्यात छत्र्या विकल्या होत्या, पाण्याचे फिल्टर विकले होते, मधमाश्या पाळल्या होत्या, आणि सगळं अर्ध्यावर सोडलं होतं. बोलायला मात्र खंबीर. घरात सगळे जमलेले असताना तो म्हणाला, भावोजी, एवढं म्हणताय तर माझी दाढी करा, मशीनने नाही, वस्तऱ्याने. काकूंनी त्याला झापलं. काकांनी कपाटातून वस्तरा काढला, पट्ट्यावर परजला, खिडकीशी खुर्ची ओढली. मेहुणा बसला खरा, पण साबण लागल्यावर त्याने डोळे गच्च मिटले आणि खुर्चीचे हात धरून ठेवले. वीस मिनिटं काम चाललं. वस्तरा गळ्यावरून खालून वर आला, ओठावरून फिरला, कानशिलाशी थांबला. एक काप नाही. मेहुण्याने डोळे उघडून गालावरून हात फिरवला आणि म्हणाला, एवढा गुळगुळीत तर मी जन्मलो तेव्हाही नसेन. सगळे हसले. काकू आत निघून गेल्या. मुलगी मागोमाग गेली, तर त्या ओट्याला टेकून रडत होत्या.

सगळ्यांची खात्री पटली की काकांना पेशी मिळाल्या आहेत. काकांना तर त्या जाणवायच्यासुद्धा. सकाळी उठल्यावर कानशिलाच्या आत उबदार वाटतं, ते म्हणायचे. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना एकदा त्या चिंचोळ्या खोलीत बोलावून मामांना वस्तरा कसा धरायचा ते दाखवायला सांगितलं. त्या दिवशी काका घरी आले ते वीस वर्षांनी लहान होऊन.

वर्ष भरलं. बाईंनी काकांना आणि मुलीला आपल्या खोलीत बसवलं. काकू आल्या नाहीत, घरी गोडाचं करायचं म्हणाल्या. टेबलावर बंद पाकीट होतं. बाईंनी ते दोघांसमोर फोडलं, कागद वाचला, आणि चष्मा काढून हातात धरला.

"काका, तुम्ही दुसऱ्या गटात होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पेशी दिलेल्या नाहीत."

काका हसले. त्यांना वाटलं, कागद बदलला असेल. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवून दाखवला. हात स्थिर होता.

"मग हे कुणी केलं?"

"तुम्हीच केलंत. असं होतं, काका. बरं वाटणार अशी पक्की खात्री असली की मेंदू स्वतःच तो रस थोडा जास्त सोडतो. हे नाटक नव्हे. ते खरंच घडतं, मोजता येतं."

"आणि डोक्याला भोकं पाडली ती?"

"भोक आरपार नव्हतं. हाडात नुसती खोलगट खूण केली होती."

काकांनी बोट लावून पाहिलं. केसांखाली ती जागा लागत होती. वर्षभर ते तिथेच हात ठेवून झोपत.

मुलीने विचारलं, सांगितलं नसतं तर काय बिघडलं असतं? बाई म्हणाल्या, सांगणं नियमात आहे, त्यांचा तो हक्क आहे, आणि दुसऱ्या खेपेला पेशी द्यायच्या तर सांगावंच लागतं. तुमच्या पेशी सुरक्षित आहेत, काका. उणे दीडशे अंशांच्या खाली, फ्रीझरमध्ये. पुढच्या वर्षी तुमचा नंबर.

पहिले आठ-दहा दिवस हात तसाच राहिला. काका येता-जाता त्याच्याकडे बघत, त्याला दुसऱ्या हाताने चाचपत. मग एका सकाळी तिसरं बटण लागेना. महिन्याभरात अंगठा आधीसारखा, मग आधीपेक्षा जास्त. त्रास शरीराचा होताच, पण काकांना खाऊन टाकलं ते लाजेने. खालच्या बसड्रायव्हरकडे ते जाईनासे झाले. मेहुणा आला की आतल्या खोलीत पडून राहायचे. मेहुणा आपला समजूत काढायला गेला आणि म्हणाला, भावोजी, म्हणजे मुळात तुम्हाला काही झालेलंच नव्हतं, मनाचे खेळ. काकूंनी त्याला त्या दिवशी जेवायलाही थांबू दिलं नाही.

"वर्षभर मी तुला फसवलं का गं?" काकांनी एका दुपारी विचारलं.

काकू बटणं लावत होत्या. "हात माझ्या डोळ्यांदेखत थांबला होता," त्या म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला कशाला सांगितलं? मला सांगायचं होतं. मी ठेवलं असतं पोटात, मरेपर्यंत."

पुढचं वर्ष काका फ्रीझरवर जगले. नंबर आला का, हे विचारायला दर महिन्याला मागच्या इमारतीत जात. आधी दारातून आत घेत, मग खालच्या काउंटरवर थांबवू लागले. मग एक दिवस बाईच घरी आल्या. बसल्या, पाणी मागितलं, ते प्यायल्या नाहीत. चोवीसही जणांचे आकडे मांडून झाले होते. पेशी मिळालेल्या बारांत आणि न मिळालेल्या बारांत सांगण्यासारखा फरक निघाला नव्हता. बहुतेकांच्या डोक्यात सोडलेल्या पेशी काही आठवड्यांतच मेल्या असाव्यात. यासाठी पैसे पुरवणाऱ्या कंपनीने हात काढून घेतला होता. कार्यक्रम बंद. बाईंना दुसऱ्या शहरात काम मिळालं होतं, त्या आठवड्याअखेर निघणार होत्या.

"मग माझ्या?" काकांनी विचारलं.

"फ्रीझरमध्ये आहेत. पण आता मलाही तिथे जाता येत नाही. किल्ली काढून घेतली."

काकू म्हणाल्या, यांच्या पेशी जगल्या नसत्या कशावरून? बाईंनी मान हलवली. नाही सांगता येणार, त्या म्हणाल्या, कुणालाच. मग त्या काकांकडे वळून म्हणाल्या की हे काम वाया गेलेलं नाही, पुढच्या माणसांना याचा उपयोग होईल, कुणाला तरी प्रामाणिकपणे प्रश्न विचारावाच लागतो.

काकांचा हात मांडीवर फडफडत होता. तो त्यांनी दुसऱ्या हाताखाली दाबून धरला.

"प्रश्न तुमचा होता, बाई," ते म्हणाले. "डोकं माझं होतं."

बाई रडल्या. काकांनी त्यांना रडू दिलं. एरवी रडणाऱ्या माणसाला ते कामाबद्दल काहीतरी विचारत. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही.

मुलीने संस्थेला पत्रं लिहिली. वडिलांच्या पेशी दुसऱ्या एखाद्या हॉस्पिटलात हलवू द्या, निदान जपून ठेवा. पहिल्या दोन पत्रांना उत्तर नाही. तिसऱ्याला चार ओळींचं आलं. एकोणिसाव्या पानानुसार नमुन्यांवर संस्थेचा ताबा आहे, आणि नमुना क्रमांक सतरा याची इतर नमुन्यांसोबत नियमाप्रमाणे विल्हेवाट लावण्यात आली आहे. तारीख बाई घरी आल्या त्याच्याही दोन महिने आधीची होती. म्हणजे काका काउंटरवर जाऊन नंबर विचारत होते तेव्हा विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. विल्हेवाट म्हणजे नेमकं काय करतात, हे काकांना जाणून घ्यायचं होतं. मुलीने बाईंना फोन लावला. आधी वाफेत उकळवतात, बाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि मग पिवळ्या पिशवीतून बाकीच्या कचऱ्याबरोबर जातं. मुलीने वडिलांना सांगितलं, काही नाही, नुसतं बंद करून ठेवतात. काकांना तिच्या बोलण्यातली पळवाट कळली. पिवळ्या पिशव्यांची ढकलगाडी सव्वीस वर्षं त्यांच्या दारावरून गेली होती.

त्या वर्षी काका एकदाच कुणाकडे काही मागायला गेले. मोठे डॉक्टर निवृत्त होणार होते. काका काकूंना बोळात बसवून एकटे आत गेले.

"डॉक्टर, मला पुन्हा भूल द्या," ते म्हणाले. "काहीही करा, खूण करा, सुई टोचा. आणि मला सांगू नका."

डॉक्टर या माणसाला वीस वर्षं ओळखत होते. त्यांनी उठून दार लावलं. "आता तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "माहीत असलेल्याला ते लागू पडत नाही."

"कुणीतरी न सांगता केलं असतं तर?"

"ते मला करता येत नाही, काका."

 काकांनी उठायचा प्रयत्न केला. उठता येईना, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना काखेत धरून बाहेर आणलं आणि काकूंच्या स्वाधीन केलं.

संमतीच्या कागदावर पाच वर्षं तपासणी लिहिलेली होती. कार्यक्रम बंद झाला तरी आकडे पुरे करायचे होते, त्यामुळे दरवर्षी बोलावणं येई. चौथ्या वर्षी काका चाकाच्या खुर्चीतून गेले. बोलणं पुटपुटल्यासारखं झालं होतं, मुलीला कान जवळ न्यावा लागे. तपासायला एक नवीन डॉक्टर होता, नम्र, घाईतला, काकांना आयुष्यात पहिल्यांदा बघणारा. त्याने बोटं जुळवायला लावली, आकडे टिपले. वीस पावलांच्या रकान्यात रेघ मारली. मग खणातून एक नवीन कागद काढून टेबलावर सरकवला. मरणानंतर मेंदू अभ्यासासाठी द्यायची संमती. हा आजार आत नेमकं काय करतो हे पाहायला असे मेंदू फार कमी मिळतात, तो म्हणाला, आणि तुमच्यासारख्यांचे तर विशेष मोलाचे.

काकांनी काहीतरी म्हटलं. मुलीने कान लावला आणि मोठ्याने सांगितलं, "बाबा म्हणतात, एक तुकडा आधीच दिलाय. तो कुठे आहे?"

डॉक्टरने संगणकात पाहिलं. नमुना क्रमांक सतरापुढे रकाना रिकामा होता. नोंद दिसत नाही, तो ओशाळून म्हणाला, माझ्या आधीचं आहे.

मुलीला आतून वाटत होतं की द्यावा. उद्या कुणाच्या तरी वडिलांना उपयोग होईल. ती वाकून वडिलांना तसं म्हणालीसुद्धा. काकूंनी पर्स उघडून चष्मा काढला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि नवऱ्याकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. एकदाच, स्पष्ट, नाही अशी. त्या आजारात मान एवढी स्पष्ट हलत नाही.

काकूंनी कागदाची घडी न करता तो डॉक्टरच्या बाजूला परत सरकवला. "आमच्या घरातून एकदा दिलं," त्या म्हणाल्या. "आता बाकीचं आम्ही घरीच ठेवू."

त्यानंतर काका अकरा महिने जगले. पाचव्या वर्षाच्या तपासणीचं बोलावणं आलं तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. मुलीने त्याच पत्राच्या पाठीमागे तारीख लिहिली, मृत्यूचं कारण लिहिलं, आणि ते परत पाठवून दिलं. संस्थेचा तो रकाना तरी भरला असेल.